एक्केचाळिसावी बारी

नवल गुरुजी रोज सकाळी साडेसातला पंपघरात येत तेव्हा चपला बाहेर काढून ठेवत. आत देव नव्हता, कॉम्प्युटर होता. पण तो बसवला त्या दिवशी चेअरमन लोटन आबांनी त्याच्यापुढे नारळ फोडला होता, हळदकुंकू वाहिलं होतं, आणि तेव्हापासून चपला घालून आत जाणं गुरुजींच्या मनाला पटेना. कुणी सांगितलं नसताना शिस्त पाळायची त्यांची जुनी खोड. गावच्या शाळेत चाळीस वर्षं काढलेला माणूस.

खैरवडे हे गाव नरडाण्याच्या पुढे, तापीच्या काठावर. नदीतून पाणी उपसून शेतांना देणारी गावाची सोसायटी होती आणि गुरुजी निवृत्तीनंतर तिचे सचिव झाले होते. काम तसं बेताचं. सभेचं इतिवृत्त लिहायचं, पत्रव्यवहार सांभाळायचा, आणि सकाळी स्क्रीनवरचे आकडे एका लांबट वहीत उतरवून घ्यायचे. हे शेवटचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं होतं.

"गुरुजी, मशीन सगळं स्वतःच लिहून ठेवतं," भूपेंद्र म्हणायचा. हा लोटन आबांचा पुतण्या. धुळ्याला कॉम्प्युटर शिकून आला होता आणि सगळी यंत्रणा त्यानेच जोडली होती. "तुम्ही कशाला डबल मेहनत घेता?"

"असू दे. हाताला सवय आहे."

खरं म्हणजे त्यांना यंत्राचा अचंबा वाटे. स्क्रीनवर चाळीस चौकोन होते. व्हॉल्व्ह उघडला की चौकोन हिरवा, मिटला की करडा. पूर्वी दोन पाणीवाले रानोमाळ फिरून लोखंडी चाकं फिरवत. नदीजवळच्या शेतात पाणी तुंबे आणि शेवटच्या टोकाला नुसती ओल पोचे. एका उन्हाळ्यात तीन डोकी फुटली होती आणि त्याचा खटला शिंदखेड्याच्या कोर्टात नऊ वर्षं चालला. आता फोनवर बोट ठेवलं की दोन मैलांवरचा व्हॉल्व्ह उघडायचा. एकराला बावीस मिनिटांची बारी, मग शेत कुणाचंही असो. टोकाच्या रानांत पहिल्यांदाच केळी उभी राहिली. गुरुजींनी तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं : यंत्राला सोयरंधायरं नसतं.

एकच गोष्ट त्यांना खटके. यंत्रणेचा पासवर्ड पंपघराच्या भिंतीवर तेलरंगाने रंगवलेला होता. हातभर अक्षरं, खाली लाल रेघ. ही लोटन आबांची आज्ञा. "कोनी इसरी गया तं? भितवर लिखी टाक," असं त्यांनी पेंटरला फर्मावलं होतं. आपल्याला त्यातलं काय कळतं, असं म्हणून गुरुजी गप्प बसले होते. गप्प बसणं त्यांना जमायचं.

मे महिन्याच्या दोन तारखेला लोटन आबा स्वतः पंपघरात आले. चपलांसकट.

"गुरजी, मन्हा बागले पानी भेटनं का नही?"

गुरुजींनी वही उघडली. "मिळालं की आबा. तीन एकर, सहा ते सात वाजून सहा मिनिटं. हे बघा, इथं पण हिरवं आहे."

"हिरवं शे ते मी बी दखी ऱ्हायनू. तठे माती भुरभुर उडी ऱ्हायनी. आकडावर बाग पिकस का?"

आबांना राग लवकर येई, म्हणून गुरुजी हसले नाहीत. पाइप फुटला असेल, असं सगळ्यांना वाटलं. भूपेंद्रने मोटरसायकलवरून सगळी लाइन पालथी घातली. कुठे ओल नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौकोन हिरवा आणि बाग कोरडी.

पाच तारखेला तोताराम आला. बुटका, बोलघेवडा माणूस. सोसायटीच्या कमिटीवर होता आणि प्रत्येक सभेत हशा पिकवायचा.

"गुरजी, तुमनी पाटी हिरवी दखास," तो दारातूनच म्हणाला, "मन्हा बाग मातर पिवळा. उलटं करता ई का?"

या वेळी गुरुजी भूपेंद्रबरोबर तोतारामच्या बागेत गेले. ऊन कानशिलं भाजत होतं. भूपेंद्रने फोनवर पाणी सोडलं. व्हॉल्व्हच्या आत खट्ट आवाज झाला. पाइपावर बसवलेल्या मीटरचा काटा गरगर फिरू लागला. भूपेंद्रने पुढचा जोड खोलला आणि दोघं वाकून पाहत राहिले.

पाणी आलं नाही. पाइपातून ऊन हवा आली. सलग नाही, थांबून थांबून. थकलेल्या माणसाच्या तोंडासमोर हात धरावा तशी.

"मीटर फिरतंय," भूपेंद्र म्हणाला. "गुरुजी, मीटर फिरतंय ना? मलाच दिसतंय का?"

"फिरतंय."

संध्याकाळी कमिटी बसली. भूपेंद्रने समजावून सांगितलं. कुणीतरी बाहेरून आपल्या यंत्रणेत शिरलं आहे. व्हॉल्व्ह त्याच्या ताब्यात आहेत, आणि आपल्याला स्क्रीनवर खोटंच दाखवलं जातंय. असं मोठमोठ्या वीजकेंद्रांत झालेलं आहे.

"कोठे बसेल व्हई तो?" लोटन आबांनी विचारलं.

"रशियात असेल नाहीतर सोनगीरला. त्याला सारखंच, आबा. पासवर्ड भिंतीवर असल्यावर शिरायला काय लागतं?"

तोतारामनेच ब्रश हाती धरून भिंतीला चुना फासला. पासवर्ड बदलला. तो फक्त भूपेंद्र आणि गुरुजींना माहीत. तेवढ्याने भागेना, म्हणून आठ तारखेला इंटरनेटची तार उपटली. आता पंपघरातला कॉम्प्युटर आणि रानातले व्हॉल्व्ह एवढंच एकमेकांशी जोडलेलं राहिलं. बाहेरच्या जगाशी संबंध तुटला.

त्याच दिवशी कमिटीवरच्या तिसऱ्या माणसाची बाग कोरडी पडली. अकरा तारखेला चौथ्याची.

मीटर फिरतो आणि पाणी येत नाही, यात बाहेरचा माणूस काय करील, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही. भूपेंद्रनेही नाही. तो दाढी करायचा विसरला होता.

"बठ्ठं तोडी टाका," लोटन आबा म्हणाले. त्यांच्या केळीची पानं देठात मोडून खाली लोंबू लागली होती. "नही पाहिजे हाई यंत्र."

"तोडलं तर बाकीच्यांचं काय?" भूपेंद्र म्हणाला. "आता चार बागा कोरड्या आहेत. तोडल्यावर चाळीस होतील. हाताने सोडायचं तर चाकं कुठायत?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. चाकं कुठे होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. यंत्र आल्यावर एक्केचाळीसच्या एक्केचाळीस लोखंडी चाकं काढून, वेल्डिंग करून, मारुतीच्या पाराला कठडा केला होता. चाक बसायचा दांडा उघडा राहिला तर कुणी पान्ह्याने फिरवील, म्हणून जोडलेल्या चाळीस व्हॉल्व्हचे दांडेही कापून टाकले होते. कठडा मात्र सुरेख झाला होता. लोक त्याच्यासमोर फोटो काढत.

वेल्डिंग चाललं होतं तेव्हा एक बाई तिथे येऊन उभी राहिली होती. गुरुजींना ते आता आठवलं. "एक चाक तरी ऱ्हाऊ द्या भाऊ. यंत्र थकनं तं काय करशात?" ठिणग्या उडतच राहिल्या होत्या. ती बेबाबाई.

बेबाबाईचं शेत लाइनच्या अगदी शेवटी. दोन एकर पपई. बाई विधवा, मुलगी कोकिळा नरडाण्याला तेलाच्या कारखान्यात नोकरीला. गेल्या मे महिन्यात भर दुपारी नदीकडून शेताकडे जाणाऱ्या वाटेवर बेबाबाई मरून पडलेली सापडली. ऊन लागलं. डोक्यावरचा हंडा तिने उतरवून बाजूला ठेवला असावा, कारण तो सरळ उभा होता आणि काठोकाठ भरलेला होता.

तेव्हापासून ते रान पडीक होतं. बारा तारखेला गुरे राखणाऱ्या एकाने सहज म्हणून सांगितलं की तिथे गवत हिरवं आहे.

गुरुजी एकटेच गेले. का गेले, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. बारा वाजले होते. पाखरूही बोलत नव्हतं. आजूबाजूची रानं तव्यासारखी तापलेली आणि बेबाबाईच्या बांधावर पाय ठेवताच ओल्या मातीचा वास आला. मेच्या मध्यावर, त्या उन्हात. वाळून गेलेल्या पपईच्या खुंटांना बोटभर लुसलुशीत फूट आली होती. गुरुजींनी वाकून मातीत हात घातला. गार लागलं.

त्यांनी तिचा नळ पाहिला. त्याच्या तोंडात गच्च सिमेंट भरलेलं होतं आणि ते कोरडं ठणठणीत होतं.

मग त्यांना वाट दिसली. नदीकडून येणाऱ्या त्या वाटेच्या धुळीत, दहा-दहा पावलांवर, एकेक ओलं वर्तुळ उमटलं होतं. भरलेला हंडा खाली टेकवावा आणि दम खाऊन पुन्हा उचलावा, तसं. पावलांचा ठसा कुठेच नव्हता. ती वर्तुळं उन्हात सुकत नव्हती.

गुरुजी घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आपल्याला भोवळ आली असेल. वय झालं आहे. नजर पूर्वीसारखी राहिलेली नाही. अशी कारणं शोधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

चौदा तारखेला पाचवी बाग गेली आणि भूपेंद्र त्यांच्या दारात आला.

"कोकिळा," तो म्हणाला. "कारखान्यात ती कॉम्प्युटरवरच असते. तिच्याशिवाय कमिटीवर राग कुणाचा असणार? चला गुरुजी, तुम्ही असलात म्हणजे ती खोटं बोलणार नाही. तुमचीच विद्यार्थिनी."

कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. कोकिळा जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली. ओढणीने घाम पुसत तिने भूपेंद्रचं सगळं ऐकून घेतलं.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "भूपेंद्रदादा, आमच्या इथं गेटवरच मोबाइल काढून घेतात. साधा पेन ड्राइव्ह सापडला तर नोकरी जाते. माझ्या मशीनला बाहेरची तारच नाही. आणि तुमचा पासवर्ड? तो लग्नाला आलेल्या वऱ्हाडानेसुद्धा वाचलाय. चोर शोधत माझ्यापर्यंत कशाला आलात, गावच्या पाहुण्यांची यादी करा."

"मग बागा कोण सुकवतंय?"

"मला जमत असतं ना दादा, तर माय जिवंत होती तेव्हाच तिचा नळ सोडला असता. आता कोणाची बाग सुकवून मला काय मिळणार?" तिचा आवाज चढला नव्हता. "सुकतायत म्हणता? सुकू द्या."

भूपेंद्र पाय आपटत गाडीकडे गेला. कोकिळा गुरुजींकडे वळली. शाळेत असताना प्रश्न विचारण्याआधी ती वेणीच्या रिबिनीशी चाळा करायची. आता ओढणीशी करत होती.

"गुरुजी, एक विचारू? माय म्हणाली होती की पाणी हाताने सोडणार असं ठरावात लिहिलंय. गुरजींनी वाचून दाखवलं म्हणाली. मग ती नदीवरून हंडे का वाहायची? मी किती वेळा फोनवर भांडले तिच्याशी. ती म्हणायची, सोडतील, लिहिलेलं आहे." ती थांबली. "तसं लिहिलेलं आहे ना?"

टपरीवरचा स्टो फरफरत होता.

"आहे," गुरुजी म्हणाले. "तसंच आहे."

"मग झालं. तेवढंच हवं होतं."

घरी येऊन गुरुजींनी कपाटातून इतिवृत्ताची वही काढली. गेल्या वर्षीच्या जानेवारीचं पान त्यांना शोधावं लागलं नाही.

भूपेंद्रने तेव्हा पाच पेट्या आणल्या होत्या आणि एका पेटीला आठ व्हॉल्व्ह जोडता येत. आठ पंचे चाळीस. सभासद एक्केचाळीस. एका नळासाठी सहावी पेटी कशाला, असं कमिटीत निघालं, आणि सगळ्यांच्या नजरा लाइनच्या शेवटाकडे गेल्या. पण सभासदाला वगळायचं तर त्याची संमती हवी. ठराव गुरुजींनीच लिहिला होता, त्यांच्या वळणदार अक्षरात : सभासद श्रीमती बेबाबाई यांनी आपला पाण्याचा हक्क स्वखुशीने सोडला आहे.

बेबाबाईला बोलावलं. अंगठ्याला शाई लावण्याआधी तिने वहीकडे पाहिलं आणि म्हणाली, "गुरजी, वाची दखाडा."

गुरुजींनी लोटन आबांकडे पाहिलं. आबा खिडकीबाहेर पाहत होते. मग पहिलीच्या पोरांना वाचून दाखवत तसं, ओळीखालून बोट फिरवत, गुरुजींनी वाचलं. "बेबाबाई यांच्या शेताला पूर्वीप्रमाणे हाताने पाणी सोडण्यात येईल."

"तुम्ही वाचं म्हनजे खरंच शे," असं म्हणून तिने अंगठा उठवला.

चाळीस वर्षांत त्यांनी अख्ख्या गावाला वाचायला शिकवलं होतं. लिहिलेलं एक आणि वाचलेलं दुसरं असं एकदाच झालं. कुणीतरी सोडेलच हाताने पाणी, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. मार्चमध्ये चाकांचा कठडा झाला आणि तिच्या नळाचं तोंड सिमेंटने बुजवलं, तेव्हा त्या समजुतीलाही जागा उरली नाही. तरी ते बोलले नाहीत.

ठरावाखाली सह्या होत्या. सूचक, लोटन. अनुमोदक, तोताराम. त्याखाली तिसरा, चौथा, पाचवा. याच क्रमाने बागा सुकल्या होत्या. दर तिसऱ्या दिवशी एक. आता सहावा आणि सातवा. सर्वांत खाली, सचिव म्हणून, आठवी सही गुरुजींची.

स्क्रीन त्या पाचांना जे खोटं वाचून दाखवत होती, ते गुरुजींनीच तिला शिकवलं होतं.

योगायोग असेल, असं म्हणत त्यांनी आणखी सहा दिवस घालवले. सतरा तारखेला सहावी बाग गेली. वीस तारखेला सातवी. तेवीस तारखेला पहाटे उठून गुरुजी स्वतःच्या एकरभर लिंबाच्या बागेत जाऊन बसले. नळाला पाणी आलं. धो धो आलं. बावीस मिनिटं, मीटरच्या आकड्याबरहुकूम. लिंबाच्या बुंध्यांशी पाणी तुडुंब साचलं. गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले. सुटल्याचा आनंद त्यांना झाला आणि त्या आनंदाचीच मग शिसारी आली.

त्या दिवशी गावात ठरलं की दुसऱ्या सकाळी यंत्रणा उखडायची. सात बागा अर्ध्या मेल्या होत्या. उखडल्यावर पाऊस येईपर्यंत बाकीच्या तेहेतीसही मरणार होत्या. हे सगळ्यांना कळत होतं, पण भीती हिशेबाला बधत नाही.

"उखडायच्या आधी सभा घ्या," गुरुजी म्हणाले. "मला एक ठराव वाचायचा आहे. कोकिळालाही बोलवा."

सभा पंपघरासमोरच्या कडुलिंबाखाली भरली. सकाळचे दहा. प्रमिलाबाई, गुरुजींची बायको, बायकांत येऊन बसल्या होत्या, कारण नवरा आपणहून बोलायला उभा राहणार याचं त्यांना नवल वाटलं होतं. कोकिळा एका कडेला उभी होती.

"मी तुम्हाला खरं काय लिहिलंय ते वाचून दाखवतो," गुरुजी म्हणाले. त्यांनी वही छातीशी टेकवली आणि ओळीखाली बोट ठेवलं.

अक्षरं स्वच्छ दिसत होती. हक्क स्वखुशीने सोडला आहे.

"बेबाबाई यांच्या शेताला," त्यांनी वाचलं, "पूर्वीप्रमाणे हाताने पाणी सोडण्यात येईल."

ते थांबले. पुन्हा बोट मागे नेलं. एकेक अक्षर डोळ्यांनी धरून वाचलं.

तोंडातून तेच आलं.

"मग हाई तं चांगलंच लिखेल शे, गुरजी," तोताराम म्हणाला. "यामा दडायासारखं काय व्हतं?"

गुरुजींनी वही खाली केली. वहीशिवाय, सरळ लोकांकडे बघत ते ओरडले, की मी खोटं वाचलं, मी तिला फसवलं. घशाच्या शिरा ताणल्या. आणि त्यांच्याच कानांनी त्यांनी ऐकलं की नवल गुरुजी शांत, शाळेतल्या आवाजात तीच ओळ तिसऱ्यांदा म्हणत आहेत.

त्यांनी वही भूपेंद्रच्या हातात कोंबली. भूपेंद्रने वाचलं. तीच ओळ.

मग लोटन आबांनी हात पुढे केला. खरं काय लिहिलं होतं ते गुरुजींइतकंच आबांना माहीत होतं. आबांनी चष्मा लावला. बराच वेळ ते पानाकडे पाहत राहिले. त्यांचा खालचा ओठ हलत होता.

"आसंच लिखेल शे," आबा म्हणाले आणि वही मिटली.

कोकिळाने डोळे पुसले. "माय खरं सांगत होती," ती म्हणाली. पुढे येऊन ती गुरुजींच्या पाया पडली. त्यांनी तिला थांबवलं, पण कसं थांबवलं, कोणत्या शब्दांनी, ते त्यांना कळलं नाही. ती हसली आणि मागे सरली.

लिहिलेलं आहे तर पाळलंच पाहिजे, असं लोक म्हणू लागले. मारुतीच्या कठड्यातून एक चाक कापून आणलं. बेबाबाईच्या नळाचा दांडा तेवढा शाबूत होता. सिमेंट फोडलं आणि कोकिळाने चाक फिरवलं. पाणी आलं.

तासाभरात भूपेंद्र ओरडत आला. सातही बागांत पाणी पोचलं होतं. स्क्रीन हिरवी, माती काळी.

यंत्र राहू द्यायचं आणि प्रत्येक व्हॉल्व्हला नवा दांडा जोडून पुन्हा चाक बसवायचं, असा ठराव तिथेच झाला. गुरुजींनी तो लिहून घेतला. सह्या झाल्या. तोतारामने काहीतरी कोटी केली. लोक किती दिवसांनी खळखळून हसले. गुरुजींकडे कुणी वेगळं पाहिलं नाही. त्यांच्यात वेगळं काही दिसत नव्हतं.

दुपारी एकला ते घरी आले. जीभ टाळ्याला चिकटली होती. प्रमिलाबाईंनी माठातलं पाणी तांब्यात काढून पुढे केलं.

त्यांनी तांब्या तोंडाला लावला. पाण्याची पातळी खाली खाली जाताना त्यांना दिसली. गळ्याची घाटी वरखाली होत होती. तांब्या रिकामा झाला.

घसा तसाच होता. जिभेला ओल लागली नव्हती. घशातून ऊन हवा उतरत गेली, थांबून थांबून.

"अजून दे," गुरुजी म्हणाले. "पाणी दे. प्रमिला, पाणी."

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी माणूस समाधानी दिसत होता.

"पुरे म्हणताय? बरं," त्या म्हणाल्या आणि माठावर झाकण ठेवून आत गेल्या.